नाव न घेता

रुमोंदांग ते वाक्य बोलली तेव्हा तिच्या हातात कॉफीचा उष्टा ग्लास होता.

सहालाच्या घरामागच्या ओट्यावर सात-आठ बायका ग्लास विसळत बसल्या होत्या. पुढच्या खोलीत सहालाची नऊ वर्षांची पोर दुमारिया चटईवर निजवलेली होती. लेकराच्या मरणाला तळ्याकाठी ढोल वाजत नाही, डुक्कर कापत नाहीत, भाषणं होत नाहीत. कॉफी, पाव आणि दोन-चार गाणी, एवढंच. त्यामुळे घरात पाय ठेवायला जागा नव्हती तरी गलका नव्हता, आणि मागे बोललेलं पुढे ऐकू जात होतं.

चाळीस दिवसांत गावातलं हे तिसरं मरण. आधी तोगार गेला, एक्केचाळीस वर्षांचा धडधाकट गडी. तळ्यातल्या माशांच्या पिंजऱ्यांना खाद्य टाकता टाकता होडीतच मान टाकली त्याने. मग खाणावळवाल्याची सून बाळंतपणात गेली, बाळासकट. आणि आता ही पोर. सहा दिवस ताप, सातव्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात नेली, आठव्या दिवशी परत आणली ती अशी.

"मोजून नेल्यासारखं चाललंय," खाणावळवाली म्हातारी म्हणाली. सुनेच्या सुतकातून ती अजून नीट बाहेर आली नव्हती. तिने हातातली फडकी खाली ठेवली आणि रुमोंदांगकडे वळली. "सिंतुआ, तुम्ही सांगा. तुमचं वर चालतं. काय चाललंय हे आपल्या गावात?"

रुमोंदांग चौदा वर्षं चर्चच्या मंडळीची सिंतुआ होती. रविवारी काळा झगा घालणाऱ्या वडीलजनांत ती एकटी बाई. उपासना कुणीही चालवो, आजाऱ्यापाशी आणि मेलेल्यापाशी प्रार्थना करायला लोकांना तीच लागायची. तिचं बोलणं वाया जात नाही असा तिचा लौकिक होता. तिने हात ठेवून प्रार्थना केली आणि शाळामास्तरांची दारू सुटली. तिने आशीर्वाद दिला आणि नऊ वर्षांनी कुणाच्या तरी घरी पाळणा हलला. "मी कोण? करणारा प्रभू आहे," असं ती म्हणायची, आणि म्हणताना मनातून सुखावायची. हे तिला ठाऊक होतं. पण एवढ्याने काय बिघडतं, असं तिला वाटे.

त्या दिवशी पहाटेपासून प्रार्थना करून तिचा घसा बसला होता. आणि खरं सांगायचं तर दुमारियाच्या उशापाशी बसून तिला एकही शब्द आतून आला नव्हता. पोरीसाठी ती सहा दिवस प्रार्थना करत होती. देवाने ऐकलं नव्हतं, आणि आता सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

ओट्यावरून खालचा उतार दिसायचा. उताराच्या टोकाला, तळ्याला लागून, एकटी राहणाऱ्या तियार्माचं घर. त्या वर्षी गावात सगळ्यांचे कांदे करप्याने गेले होते. तियार्माची पात मात्र हिरवीगार उभी होती. तियार्मा सकाळीच येऊन, पोरीच्या आईजवळ तासभर मुकाट बसून, पाणी द्यायला निघून गेली होती.

"मला काय विचारता?" रुमोंदांग म्हणाली. "ज्यांच्या परसात काहीच मरत नाही, त्यांना जाऊन विचारा."

पाण्यातले हात थांबले. एकेक मान उताराकडे वळली. कुणी काही बोललं नाही. खाणावळवाल्या म्हातारीने फक्त "हं" केलं आणि पुन्हा ग्लास उचलला.

त्या गप्प होण्यात एक गोडी होती. रुमोंदांगला ती जिभेवर लागली. मागच्या नाताळात, उपासनेतली रुमोंदांगची प्रार्थना संपल्यावर, तियार्मा चारचौघांत म्हणाली होती, "वहिनी, प्रभूला ऐकू येतं हो. एवढं लांबवायला नको." सगळी मंडळी हसली होती. चर्चचे पाळकसुद्धा. दोघी एकाच गावच्या, एकाच वर्षी लग्न होऊन इथे आलेल्या, पंचवीस वर्षं एकाच बाकावर बसून गायलेल्या. त्या दिवसापासून रुमोंदांगने बाक बदलला होता.

*

सोमवारी धक्क्यावर बाजार असतो. रुमोंदांग नवऱ्याबरोबर, बोनारबरोबर, मासे घेऊन उतरली तर तिची टोपली सगळ्यांत आधी रिकामी झाली. मासे घेणाऱ्या बायका पैसे देताना जवळ वाकत होत्या.

"बरं झालं सिंतुआ, तुम्ही तरी तोंड उघडलंत."

"कशाबद्दल म्हणतेस?"

"राहू द्या. इथे नको बोलायला." बाईने धक्क्याच्या दुसऱ्या टोकाकडे बोट न दाखवता नुसती हनुवटी वळवली. तिकडे तियार्मा कांद्याच्या जुड्या मांडून बसली होती. तिच्यापुढे कुणी नव्हतं. "तुम्हाला प्रार्थनेत दिसलं म्हणे. तिच्या बांबूच्या बनापाशी. उंच, माडाएवढं."

बेगू पाळण्याची गोष्ट तळ्याकाठच्या पोराटोरांनाही माहीत असते. कुणीतरी भूत पाळतो, त्याला खाऊपिऊ घालतो, आणि ते उंच उंच होत जाऊन शेजाऱ्यांचे गळे दाबतं. पाळणाऱ्याची बरकत होते, बाकीच्यांची तिरडी. चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेली, रविवार न चुकवणारी माणसंसुद्धा अंधार पडल्यावर हा शब्द मोठ्याने उच्चारत नाहीत. आणि डोंगरापलीकडच्या एका गावात अशाच संशयावरून चार वर्षांपूर्वी नवरा-बायकोला घरात कोंडून काय केलं, तेही सगळ्यांना माहीत होतं.

"मी असलं काही बोलले नाही," रुमोंदांग म्हणाली.

"नाहीच बोलणार तुम्ही. नाव कुठे घेतलंत?" बाई समजुतीने हसली. "आम्हाला कळतं हो."

बोनार होडी बांधत होता. त्याने ऐकलं. घरी परतताना होडी चालवता चालवता तो एवढंच म्हणाला, "काय बोललीस गं तू तिथे?"

"काही नाही. बायकांचं आपलं."

तसा तो कमी बोलणारा माणूस. पण घर येईपर्यंत त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

मंगळवारी संध्याकाळी पोरीचा बाप, सहाला, आला. चार दिवसांत त्याची दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते. तो पायरीवरच बसला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"सिंतुआ, मी एकच गोष्ट विचारायला आलोय. तुम्ही खोटं बोलणार नाही म्हणून तुमच्याकडे आलो." त्याने मान वर केली. "माझ्या पोरीला तिने खाल्लं का?"

हा क्षण रुमोंदांगला पुढे फार वेळा आठवला. उत्तर सोपं होतं. नाही, एवढंच. पण नाही म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग त्या दिवशी तुम्ही असं का म्हणालात? आणि मग तिला सांगावं लागलं असतं की नाताळातल्या एका थट्टेचा राग मी तुझ्या मेलेल्या पोरीच्या घरात काढला. ते या माणसाच्या तोंडावर कसं सांगायचं?

"देवालाच ठाऊक, सहाला," ती म्हणाली.

तिला वाटलं, आपण सावधपणे बोललो. देवाचं नाव घेतलं, कुणाचं वाईट बोललो नाही. सहाला तिच्याकडे टक लावून पाहत राहिला. मग त्याने सावकाश मान हलवली, जसं काही त्याला हवं ते मिळालं होतं, आणि उठून गेला.

*

बुधवारी सकाळी तियार्माच्या फाटकावर कुणीतरी चुन्याने फुली मारली होती. दुकानदाराने तिला तेल दिलं नाही. संपलंय म्हणाला, मागे डबे दिसत असताना. दुपारी तिचा कुत्रा वाटेवर मरून पडलेला सापडला. त्याचं तोंड तारेने बांधलेलं होतं.

चारच्या सुमारास ती रुमोंदांगच्या दारात उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदा. बारकी, काटक बाई. डोक्याला फडकं, पायांना परसातली माती तशीच.

"आत ये," रुमोंदांग म्हणाली.

"नको. कुणी पाहिलं तर तुलाही चुना लागेल." ती हसली, पण हसणं ओठांपर्यंतच राहिलं. "वहिनी, तू माझ्याबद्दल काय बोललीस?"

"मी तुझं नाव घेतलं नाही, तियार्मा. शपथेवर सांगते."

"हो, तेच सगळे सांगतात. सिंतुआंनी नाव घेतलं नाही." तियार्माने दाराच्या चौकटीला हात टेकला. "घेतलं असतंस तर बरं झालं असतं. मी येऊन विचारलं असतं, भांडले असते, नाही म्हणाले असते. आता मी नाही कशाला म्हणू? मला तर कुणी काही विचारतच नाही. माझ्याकडे बघतात आणि पोरांना घरात घेतात."

रुमोंदांगने तिच्या पायांवरच्या मातीकडे पाहिलं.

"कांदे कसे वाचले विचारायचं होतं तर मला विचारायचं," तियार्मा म्हणाली. "माझ्या लामहोतने बाटम शहरातून औषधाचं नाव लिहून पाठवलं. पोरगा येत नाही, पण नाव पाठवतो. मी सगळ्यांना सांगणार होते. सहालाच्या घरी मयत झाली, म्हटलं आता कुठे कांद्याचं बोलायचं."

"मी रविवारी सांगते. चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. हे सगळं खोटं आहे म्हणून."

"आज बुधवार आहे."

"तियार्मा—"

"आज बुधवार आहे, वहिनी," ती पुन्हा म्हणाली आणि वळली.

त्या रात्री बोनारने जेवता जेवता बातमी सांगितली. सहालाने आणि खाणावळवाल्याने मिळून डोंगरापलीकडचा देवऋषी बोलावला होता. तो शुक्रवारी दुपारी येणार होता.

"मी काय करू?" रुमोंदांगने विचारलं.

बोनारने ताटातला मासा बाजूला सारला. "तोंड उघडताना मला विचारलं नाहीस. आता मिटताना विचारतेस?" मग जरा वेळाने, मऊ आवाजात, "मिटू नको. उघड."

गुरुवारी तिने पाळकांना फोन लावला. तरुण माणूस, तीन गावांच्या मंडळ्या सांभाळणारा. त्या आठवड्यात ते तळ्याच्या दुसऱ्या टोकाला होते. तिने त्यांना सगळं सांगितलं, आणि सांगताना तिच्या लक्षात आलं की फोनवर सांगणं सोपं जातंय, कारण समोर चेहरा नाही.

पाळक म्हणाले, "सिंतुआ, मी शुक्रवारी सकाळी निघतो. संध्याकाळशिवाय पोचणार नाही. पोलीस चौकीलाही फोन करतो. पण तुम्ही माझी वाट बघू नका, रविवारचीही नको. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर आजच जा. आग लावायला एक काडी पुरते. विझवायला घागरी लागतात, आणि त्या घरोघर वाहाव्या लागतात."

ती गेली. त्या दिवशी ओट्यावर असलेल्या प्रत्येकीच्या घरी गेली. सगळ्यांनी तिला बसवलं, कॉफी दिली. आणि प्रत्येक घरी, ऐन वेळी, तिच्या जिभेने पळवाट काढली. "माझ्या बोलण्याचा गैरसमज झाला," ती म्हणाली. "मला तसं म्हणायचं नव्हतं." एकदाही ती "मी खोटं बोलले" असं म्हणाली नाही. एकदाही "मला तिचा राग होता" असं म्हणाली नाही.

बायका माना डोलवत होत्या. खाणावळवाल्या म्हातारीने तिचा हात हातात घेतला. "घाबरवलं का तुम्हाला तिने?" ती कानाशी कुजबुजली. "काल दारात आली होती ना तुमच्या. बघितलं आम्ही."

*

शुक्रवारी ऊन कडक होतं. तळ्यावर वारा नव्हता. दोनच्या सुमाराला रुमोंदांग उतारावरून खाली गेली तेव्हा तियार्माच्या परसाभोवती निम्मं गाव जमलं होतं. पुरुष पुढे, बायका मागे, पोरं भिंतीवर. बहुतेकांना रुमोंदांगने पाळण्यात पाहिलं होतं, कित्येकांना रविवारच्या शाळेत गाणी शिकवली होती. तिला एकही चेहरा ओळखीचा वाटेना.

देवऋषी साठीचा, पांढऱ्या सदऱ्यातला, देखणा माणूस होता. त्याने गळ्यात क्रूसही घातला होता. त्याने अंडं फोडून बशीत पाहिलं, मग बांबूच्या बनापाशी जाऊन काठीने जमीन टोकरली आणि दोन पोरांना खणायला सांगितलं. हातभर खाली एक मातीचं मडकं लागलं. त्यात काळं तेल होतं आणि केसांची एक बट.

गर्दीतून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो. जनावरं एकदम उठतात तेव्हा गोठ्यातून येतो तसा आवाज.

तियार्मा घराच्या पायरीवर बसली होती. "ते माझं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण कुणाला ऐकू गेला नाही. "माझं असतं तर ते तिथेच पुरलेलं ठेवून मी तुमची वाट बघत बसले असते का?"

सहालाने मडकं उचललं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याच्या मागे कुणीतरी रॉकेलचा डबा आणला होता.

रुमोंदांग गर्दी कापत पुढे गेली आणि पायरीपाशी उभी राहिली. प्रार्थनेला उभं राहताना ती नेहमी डोळे मिटायची. आज उघडे ठेवले.

"ऐका," ती म्हणाली. "हे सगळं माझ्यापासून सुरू झालं. दुमारियाच्या मयतीला मी जे बोलले ते खोटं होतं. मला काही दिसलं नव्हतं. प्रार्थनेत नाही, स्वप्नात नाही. तियार्मा मागच्या नाताळात माझ्यावर हसली होती. मला तिचा राग होता. त्या दिवशी देवाने माझं ऐकलं नव्हतं, आणि तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघत होतात. मला काहीतरी बोलायचं होतं, म्हणून मी हे बोलले." तिने सहालाकडे पाहिलं. "आणि तू विचारायला आलास तेव्हा मी देवाचं नाव पुढे करून लपले. तुला नाही म्हणायला हवं होतं. आता म्हणते. नाही. तुझ्या पोरीला कुणी खाल्लं नाही. ती तापाने गेली."

भिंतीवरचं एक पोर खाली उतरलं. सहालाचे ओठ हलले. रुमोंदांगला वाटलं, पोचलं. तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत खरं बोलणं तिने आता केलं होतं. ते पोचायलाच हवं होतं.

"सिंतुआ असं कधी बोलतात का?" मागून खाणावळवाली म्हातारी म्हणाली. "देवाने माझं ऐकलं नाही म्हणे. चौदा वर्षांत कधी हे तोंडातून निघालं त्यांच्या?"

देवऋषी पुढे आला. त्याने रुमोंदांगच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, जवळजवळ कीव केल्यासारखं. "आवाज हिचा आहे," तो गावाला म्हणाला. "बोलणं हिचं नाही. बुधवारी ती हिच्या दारात गेली होती, खरं ना?"

"खरं," चार-पाच आवाज आले.

पहिला दगड दाराच्या फळीला लागला. दुसरा रुमोंदांगच्या खांद्याला. कुणी मारला ते तिला दिसलं नाही. तिने तियार्माचा हात धरून तिला उठवलं आणि दोघी मागे सरकू लागल्या, घराच्या कडेने, कांद्याच्या वाफ्यांमधून, पात तुडवत. पाठ फिरवायची नाही, एवढंच रुमोंदांगला कळत होतं. जोवर ते आपला चेहरा बघतायत तोवर थोडी तरी लाज आहे. सहाला मडकं घेऊन तसाच उभा होता. त्याने दगड उचलला नाही. पण कुणाला थांबवलंही नाही.

मागे कंबरेएवढ्या पाण्यात बोनार उभा होता, होडीची कड धरून. तो केव्हा आला होता कुणास ठाऊक. त्याने दोघींना बखोटीला धरून आत ओढलं आणि इंजिन सुरू केलं. ते काठापासून शंभरेक हात गेले असतील तेव्हा घराच्या पत्र्याखालून धूर निघाला. आधी पांढरा, मग काळा.

तियार्मा धुराकडे बघत बसली होती. तिच्या मांडीवर काही नव्हतं. पिशवी नाही, फोटो नाही, पायात एकच चप्पल.

"तियार्मा," रुमोंदांग म्हणाली, "मी प्रार्थना करू?"

"नको." तिने मान वळवली नाही. "आता तू काही बोलू नकोस."

पलीकडच्या धक्क्यावर बोनारने तिला बसमध्ये बसवलं, लामहोतला फोन लावून दिला. तियार्माने बोनारचा हात दाबला. रुमोंदांगकडे तिने पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि बस सुटली.

*

पाळक संध्याकाळी पोचले ते राख बघायला. पोलीस शनिवारी आले. मडकं सापडलं नाही, रॉकेलचा डबा सापडला नाही, आणि त्या दुपारी परसात उभ्या असलेल्या माणसांपैकी कुणीच तिथे नव्हतं असं निघालं. रुमोंदांगने जबाब दिला. नावं घेऊन दिला, आणि सगळ्यांत आधी स्वतःचं सांगितलं. हवालदाराने ते लिहून घेतलं आणि पेनाचं टोपण लावलं.

रविवारी तिने काळा झगा घातला नाही. सूचना वाचतात त्या जागी उभं राहून, साध्या कपड्यांत, तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. एकही वाक्य गाळलं नाही. मग तिने झगा घडी करून वेदीपुढच्या पायरीवर ठेवला. पाळकांचे डोळे भरून आले होते. ज्या तोंडाने आपण पित्याला धन्य म्हणतो त्याच तोंडाने त्याच्या लेकरांना जाळतो, असं काहीसं ते म्हणाले. पुढचं त्यांना बोलता आलं नाही. पेटीवाल्याने गाणं सुरू केलं. मंडळी गायली, चार आवाजांत, नेहमीसारखी सुंदर.

त्यानंतर तिच्याकडे प्रार्थनेला कुणी आलं नाही. धक्क्यावर तिची टोपली भरलेलीच परत येऊ लागली. बोनार दूरच्या बाजाराला जाऊन मासे विकून यायचा आणि त्याबद्दल काही बोलायचा नाही. मेदान शहरातून लेकीने फोन केला, इकडे या म्हणाली. रुमोंदांग नको म्हणाली. "इथे बोलले, इथेच राहून विचारेल त्याला उत्तर देईन," ती म्हणाली. पण विचारायला कुणी येत नव्हतं.

पाचव्या आठवड्यात शाळामास्तर अंथरुणाला खिळले. तोच ताप. त्याच दिवशी दुपारी लास्मा आली. सहालाची बायको, दुमारियाची आई. ती पायरीवर थांबली नाही, सरळ आत आली आणि जमिनीवर बसली.

"मी तुमच्याशी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा. तिने खाल्लं नाही, तर माझी पोर का गेली?"

तापाचं कारण सांगता आलं असतं. तळ्याचं पाणी, माशांच्या खाद्याचा गाळ; दवाखान्यातला डॉक्टर तेच म्हणाला होता. पण लास्मा ते विचारत नव्हती, आणि रुमोंदांगला ते कळत होतं. पूर्वी अशा वेळी तिच्याकडे शब्दांची कधी वाण नसायची.

"मला माहीत नाही, लेकी," ती म्हणाली. "मी रोज विचारते. मला अजून उत्तर मिळालेलं नाही."

लास्मा रडली. आवाज न करता, पदरासारखं शालीचं टोक तोंडात धरून, बराच वेळ. रुमोंदांग तिच्या शेजारी जाऊन बसली. तिने हात ठेवला नाही, प्रार्थना म्हटली नाही. नुसती बसली.

जाताना लास्मा दारात घुटमळली. "मास्तर आजारी पडलेत. खाणावळीत बोलणं चाललंय."

"काय बोलतायत?"

"नाव घेत नाहीत कुणाचं." लास्माने मान खाली घातली. "ती गेली, पण जाताना कुणाच्या तरी हाती देऊन गेली, असं म्हणतात. होडीत तिच्याबरोबर कोण होतं, विचारतात."

रुमोंदांगने चौकट धरली. बाहेर ऊन होतं, आणि वाटेवर पोरं खेळत होती. तिला पाहून ती खेळायची थांबली.

"तू काय म्हणालीस त्यांना?"

"मी काही नाही म्हणाले," लास्मा म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला.

पुढच्या रविवारी रुमोंदांग आणि बोनार चर्चला गेले. तिच्या बाकावर पाच जणी बसायच्या. आता तो सगळा बाक तिला एकटीला होता. दुसरं गाणं सुरू असताना लास्मा मधल्या वाटेने आली. सहाला पुरुषांच्या बाजूला बसून समोर बघत होता. ती क्षणभर थांबली, मग रुमोंदांगच्या बाकावर बसली. जवळ नाही. अगदी दुसऱ्या टोकाला, गाण्याचं पुस्तक छातीशी धरून. पण त्याच बाकावर.

गाणं संपलं. सगळे प्रार्थनेला वाकले. पाळकांचा आवाज सुरू होण्याआधी, त्या मधल्या एवढ्याशा वेळात, रुमोंदांगला मागच्या रांगांतून कुजबुज ऐकू आली. त्या कुजबुजीत आता दोन नावं होती, तिचं आणि लास्माचं.